नोकरी सांभाळून पुन्हा शिकताना

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, नोकरीत असताना एम.ए. किंवा एम.एड. करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आता या वयात कशाला?" खरं तर सोय आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, ते काम करत शिकणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच. अडचण वेळेची आहे. शाळा, ऑनलाइन माहिती भरणं, घर, मुलांचा अभ्यास. मग काही जण तयार स्वाध्याय आणून नुसते उतरवून काढतात. पदवी मिळते, पण हाती काय लागतं?

वर्गात गाईडमधून उत्तर उतरवणाऱ्या मुलाला आपण काय सांगतो, ते आठवा. तेच आपल्यालाही लागू आहे. एखादं वर्ष जास्त लागलं तरी चालेल, पण स्वतः लिहा. लघुप्रबंधाचा विषय आपल्याच वर्गात शोधा: पाचवीच्या मुलांचं भागाकारात नेमकं कुठे अडतं? अशा अभ्यासाचा फायदा पगारापेक्षा आधी मुलांना होतो.

आणि पालकहो, तुमच्या घरात कुणी शिक्षिका असं शिकत असेल, तर संध्याकाळचा एक तास तिच्यासाठी मोकळा ठेवा. कौतुकापेक्षा तिला त्याचीच जास्त गरज आहे.