नाव तुटले तर दाखला कुठे शोधायचा?

एकेका दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. जात प्रमाणपत्र, मग जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. हे सारे हाती आले की ते जपून ठेवणे हे दुसरे काम. हे काम आता कपाटाबरोबर संगणकही करतो. म्हणून आज संगणकाच्या एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. दिसायला ते किरकोळ आहे, पण ऐन प्रवेशाच्या वेळी मुलाचे वर्ष अडवू शकते.

उलव्यात आम्ही काही कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. कागद स्कॅन केला की स्कॅनर तो एफटीपीने सर्व्हरवर पाठवतो. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी सांभाळणारा संगणक, आणि एफटीपी म्हणजे तेथे फाइल नेण्या-आणण्याची ठरलेली रीत. एकदा एका मुलीच्या कप्प्यात पाहिले तर फाइल एकच, आणि तिचे नाव नुसते 'जात'. पाठवल्या होत्या दोन: 'जात प्रमाणपत्र' आणि 'जात वैधता प्रमाणपत्र'. पहिल्या शब्दानंतरच्या रिकाम्या जागेपाशी दोन्ही नावे तुटली, दोन्ही फाइली 'जात' झाल्या आणि दुसरीने पहिलीची जागा घेतली. मुलीच्या आईने मूळ कागद पिशवीत जपून ठेवले होते, म्हणून निभावले.

असे का होते? एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय तरुणाने अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी. त्या काळी फाइलींची नावे इंग्रजी आणि आखूड असत. पुढे १९८५ साली जे नियम ठरले त्यांत फाइलींची यादी माणसाने वाचावी अशी दिली जाई, आणि प्रत्येक सर्व्हर ती आपल्या पद्धतीने मांडी. नाव कोठे सुरू होते आणि कोठे संपते याचा अंदाज समोरच्या प्रोग्रामने बांधायचा. नावात रिकामी जागा आली की काही प्रोग्राम तेथेच थांबतात. १९९९ साली युनिकोडमधील, म्हणजे मराठीसह साऱ्या लिप्यांतील नावांसाठी नियम झाला, आणि २००७ साली यादी यंत्राला नेमकी कळावी असा. पण जुनी यंत्रे हे नियम पाळतीलच असे नाही.

दुसरे कारण लांबीचे. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, मराठी अक्षराला ३, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सारे वेगवेगळे मोजले जाते. इंग्रजी 'स्कॉलरशिप' शब्दात ११ अक्षरे, म्हणजे ११ बाइट. मराठी 'शिष्यवृत्ती' मोजली तर अक्षरे आणि खुणा मिळून ११ च, पण बाइट ३३. म्हणजे मराठी नावाला जागा साधारण ८५ खुणांची. विंडोजमध्ये मात्र मराठीची एक खूण एकच धरतात, म्हणून तेथे २५५ खुणा मावतात. घरच्या संगणकावर बिनतक्रार राहिलेली फाइल सर्व्हरवर अडते ती यामुळे.

आम्हा कारकुनांना अर्जाचा अख्खा विषय नावात लिहिण्याची सवय. 'शैक्षणिक वर्ष २०२५-२६ साठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अर्जासोबत जोडावयाचे जात वैधता प्रमाणपत्र' हे नाव शेवटच्या पीडीएफ या शेपटीसह २८७ बाइट भरते. सर्व्हर ते नाकारतो, किंवा मधला प्रोग्राम शेवट छाटून टाकतो. सर्व्हरवरचा कप्पा सांकेतिक कुलपाचा असेल तर काही ठिकाणी मर्यादा १४३ बाइटच असते, म्हणजे मराठीच्या जेमतेम ४७ खुणा.

तेव्हा नाव तुटलेले दिसले की आधी ते कोठे तुटले हे पाहावे.

१. यादीतला रकाना माउसने ओढून रुंद करावा. पुष्कळदा नाव पूर्ण असते, रकाना अरुंद असतो.

२. तीच यादी फाइलझिलासारख्या दुसऱ्या प्रोग्रामने उघडावी. तेथे नाव पूर्ण दिसले तर दोष पहिल्या प्रोग्रामचा, फाइल शाबूत आहे.

३. पहिल्या शब्दानंतर नाव संपत असेल तर रिकामी जागा हेच कारण.

४. नावाची पहिली सहा अक्षरे, पुढे नागमोडी रेघ आणि १ किंवा २ आकडा असेल तर ते विंडोजने दिलेले जुन्या डॉस पद्धतीचे आखूड नाव.

५. लांब नावाचा शेवट गेला आणि टोकाला चौकोन किंवा प्रश्नचिन्ह आले, तर बाइटची मर्यादा ओलांडून एखादे अक्षर मध्येच कापले गेले आहे. सगळे नावच प्रश्नचिन्हांनी भरले असेल तर ते तुटलेले नसून लिपीचा घोळ आहे. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ निवडावे.

फाइल उघडत नाही म्हणून ती पुसू नये. नाव तुटल्याने आतला मजकूर बिघडत नाही. आधी तिची एक प्रत करावी, नावापुढे टिंब देऊन पीडीएफ हे शब्द इंग्रजीत जोडावेत, फाइल उघडून वाचावी आणि मगच नवे नाव द्यावे. जी फाइल दुसरीखाली गेली ती मात्र सहसा परत मिळत नाही. म्हणून सर्व्हरवरच्या फाइली मोजून, उघडून पाहिल्याशिवाय मूळ कागद हातावेगळा करू नये.

नाव देतानाही फाइलींना वेगळे करणारी गोष्ट आधी लिहावी. आम्ही आता आवक-जावक रजिस्टरसारखी वही ठेवतो. प्रत्येक मुलाला क्रमांक, आणि फाइलचे नाव '१४७-जात-वैधता-२०२५' असे. रिकाम्या जागेऐवजी आडवी रेघ, आणि आकडे इंग्रजी, कारण मराठी आकडाही ३ बाइट खातो. शेपटीसह हे नाव ३८ बाइटमध्ये बसते. मुलाचे नाव, वर्ग आणि अर्जाचा विषय वहीत. साध्या एफटीपीत पासवर्ड आणि कागद उघडेच जातात, म्हणून जेथे सोय आहे तेथे एसएफटीपी वापरावे.

आपल्या वस्तीत कोणी मुलांचे कागद स्कॅन करून देत असेल, तर त्यांना एवढे जरूर विचारा: माझ्या मुलीच्या किती फाइली पाठवल्या, आणि तिकडे किती पोहोचल्या? दोन्ही आकडे जुळल्याशिवाय तेथून उठू नका.