एसीच्या दुकानातून सॅन सिरोकडे

झांग जिनडाँग यांनी १९९० साली नानजिंगमध्ये एसीचं दुकान थाटलं. २०१६ मध्ये त्यांच्या सुनिंग कंपनीने सुमारे २७ कोटी युरो मोजून सॅन सिरो मैदानावर खेळणाऱ्या इंटर मिलान या इटालियन फुटबॉल क्लबचा बहुतांश हिस्सा घेतला. दोन वर्षांनी मुलगा स्टीव्हन २६व्या वर्षी क्लबचा अध्यक्ष झाला. (या वयात आपल्याकडे गल्ल्याची किल्लीही हाती देत नाहीत!) २०२१ मध्ये इंटरने ११ वर्षांनी इटालियन लीग जिंकली, आणि त्याच वर्षी सुनिंगचा नुकताच चिनी विजेता ठरलेला जिआंग्सू क्लब बंद पडला. पुढे सुनिंगने अमेरिकी ओकट्री फंडाकडून घेतलेलं कर्ज थकलं. मे २०२४ मध्ये इंटर त्याच फंडाच्या ताब्यात गेला, तोही विसावं विजेतेपद मिळवल्यावर जेमतेम महिन्याने.

आयपीएल संघांच्या किमती आपल्याला तोंडपाठ असतात. मालकच अडचणीत आला तर संघाचं काय, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. म्हणून हा अंक खेळातल्या पैशावर. ताळेबंदांपेक्षा आम्ही तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाकडे जास्त पाहिलं आहे. तुमच्या लाडक्या संघाचा मालक बदलला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आम्हाला जरूर लिहा.