तेल कंपनीची खरेदी : ताकद कुणाची वाढली?

चेंबूरच्या माहुलमधील हिंदुस्थान पेट्रोलियमचा कारखाना पूर्वी अमेरिकन एस्सोचा होता, तर शेजारचा भारत पेट्रोलियमचा बर्मा-शेलचा. १९७४ आणि १९७६ साली संसदेने कायदे करून ते देशाच्या मालकीचे केले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये १९४७ सालीच मांडले होते. तेलाच्या बाबतीत काँग्रेसला ते सुचायला सत्तावीस वर्षे लागली! पण त्यामुळेच या कारखान्यांत आरक्षण आले.

जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतला. विहिरीपासून पंपापर्यंत सर्व काही करणारी बलाढ्य कंपनी उभी राहील, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात काय झाले? तो पैसा ना माहुलच्या कारखान्यात गेला, ना समुद्रातील नव्या विहिरीत. तो निर्गुंतवणुकीचे उद्दिष्ट भरायला सरकारी तिजोरीत गेला. त्यासाठी ओएनजीसीला हजारो कोटींचे कर्ज काढावे लागले. आणि ज्यांचे मीलन झाले म्हणतात, त्यातील हिंदुस्थान पेट्रोलियमने ओएनजीसीला प्रवर्तक म्हणून मान्य करायलाच दीड वर्षाहून अधिक काळ घेतला.

तेलाच्या धंद्यात कंपनी टिकते ती तंत्रज्ञानावर. १९७४ साली सापडलेले बॉम्बे हाय आता थकले आहे. त्याचे उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश बीपीला तांत्रिक सेवेसाठी नेमले. या बीपीची मूळ कंपनी १९०९ मध्ये बर्मा ऑइलनेच काढली होती. दारातून घालवलेला साहेब खिडकीतून आत आला! हे एका खरेदीमुळेच घडले असे नाही. पण कर्जात गेलेली ताकद स्वतःचे तंत्र उभारायला वापरता आली असती, हे कसे नाकारणार?

ओएनजीसी सरकारी असल्याने इथे आरक्षण तरी वाचले. भारत पेट्रोलियमचे तसे नव्हते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने तिचा सरकारी हिस्सा विकायला मंजुरी दिली. कंपनी खासगी मालकाकडे गेली असती, तर अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींच्या राखीव जागांचे बंधनच उरले नसते. बोली लावणारे टिकले नाहीत, म्हणून मे २०२२ मध्ये विक्री मागे घेतली गेली. सरकारचे मन बदलले म्हणून नव्हे. संसदेला विचारल्याशिवाय या कंपन्या विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बजावले होते. त्या निकालाचा आधार असलेला भारत पेट्रोलियमचा राष्ट्रीयीकरण कायदा २०१६ मध्येच जुनाट कायद्यांच्या यादीत घालून रद्द करण्यात आला आहे.