वेळेत उत्तर न आल्यास मंजूर

मी कार्ड पेमेंटच्या सिस्टीमवर काम करतो. तुम्ही दुकानात कार्ड टेकवलंत की हे कार्ड वापरणारे खरंच तुम्हीच आहात का, हे तपासायला मागे चार-पाच सर्व्हिस धावतात. त्यातली एक आमच्या टीमची. नोकरीला लागून दुसराच महिना होता, तेव्हा मी तिच्यात एक बदल केला: तपासणीचं उत्तर ठरलेल्या वेळेत आलं नाही, तर व्यवहार मंजूर करून टाकायचा. गिऱ्हाईक रांगेत ताटकळायला नको, एवढाच शुद्ध हेतू. माझ्या सीनियरने तो कोड परत पाठवला. खाली एकच ओळ होती: उत्तर आलं नाही म्हणजे 'हो' नव्हे.

हा सीनियर अस्सल टेक्सासचा. भला माणूस. थँक्सगिव्हिंगला पोरगं एकटं राहू नये म्हणून मला आवर्जून घरी जेवायला बोलावणारा. त्याच्या घरातल्या तिजोरीत अकरा बंदुका आहेत. आणि या देशात बंदुकीची विक्री नेमकी माझ्या त्या परत आलेल्या कोडसारखी चालते, हे मला त्याच्याच जेवणाच्या टेबलावर कळलं.

नियम असा आहे. १९९३ च्या ब्रेडी कायद्यामुळे परवानाधारक दुकानदाराला बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. गिऱ्हाईक फॉर्म भरतं, दुकानदार १९९८ पासून चालू असलेल्या एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत 'द्या' किंवा 'देऊ नका' असं उत्तर येतं. कधीकधी 'थांबा' येतं. मग एफबीआयकडे कामकाजाचे तीन दिवस असतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला बंदूक विकायची मोकळीक. सक्ती नाही, वॉलमार्टसारखं दुकान स्पष्ट होकार आल्याशिवाय विकत नाही. पण संघराज्याचा कायदा दुकानदाराला अडवत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनात एक २१ वर्षांचा तरुण पिस्तूल घ्यायला गेला. त्याने अमली पदार्थ जवळ बाळगल्याची कबुली पोलिसांना दिली होती, आणि तेवढ्यावर त्याला बंदूक नाकारली जायला हवी होती. पण ती नोंद कुठल्या पोलीस खात्याकडे आहे, याचा घोळ झाला. तपासणारी एफबीआयची कर्मचारी योग्य कागदापर्यंत पोचलीच नाही. तीन दिवस संपले, दुकानदाराने पिस्तूल दिलं. १७ जूनला त्या तरुणाने चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये, त्याला आपल्यात बसवून घेतलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांना मारलं. पुढच्याच महिन्यात एफबीआयच्या संचालकांनी चूक जाहीरपणे मान्य केली.

नियम मात्र तसाच आहे. २०२२ च्या कायद्याने ही मुदत दहा दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती फक्त २१ च्या आतल्या गिऱ्हाइकांसाठी. म्हणजे चार्ल्सटनचा मारेकरी आज पुन्हा त्याच वयात त्याच दुकानात गेला, तर त्याला आजही तीन दिवसच पुरतील. चार डॉलरच्या कॉफीसाठी मला जो कोड लिहू दिला नाही, तो पिस्तुलासाठी चालतो.

आता कुणी म्हणेल, तुला काय करायचंय? तू एच-वनबीवाला, मत नाही, हक्क नाही. खरं आहे. माझ्यासारख्याला इथे बंदूक घ्यायला सर्वसाधारणपणे बंदी आहे; मात्र राज्याचा शिकारीचा परवाना काढला की घेता येते. हरणाच्या नावाने सवलत! पण ६ मे २०२३ च्या शनिवारी डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. मी तिथून पंधरा मिनिटांवर राहतो. आदल्याच शनिवारी मी तिथून बूट घेतले होते. मेलेल्यांत तेलंगणातून आलेली एक तरुण मुलगी होती, माझ्यासारखीच शिकायला येऊन इंजिनिअर म्हणून नोकरीला लागलेली. त्या रात्री आईचा जळगावहून फोन आला. 'तू त्या बाजूला जात नाहीस ना रे?' मी 'नाही' म्हणालो. मला काय करायचंय, याचं उत्तर त्या खोट्या 'नाही'त आहे.

तर माझं म्हणणं. बंदुकांवर नियंत्रण 'प्रत्यक्षात जमणारच नाही' असं जे दोन्ही बाजूंनी ऐकवलं जातं, त्यातली बरीचशी अशक्यता कुणीतरी कायद्यात बसून लिहिली आहे. जी यंत्रणा मुद्दाम लंगडी ठेवली, ती पळत नाही म्हणून तिलाच नावं ठेवायची, असा हा प्रकार आहे.

आधी आपल्या लोकांकडे वळतो. दर गोळीबारानंतर इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: 'एकदा बंदी घालून टाका, विषय संपला.' कसली बंदी? स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांच्या हाती ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त. त्या कोण गोळा करणार? ऑस्ट्रेलियाचा दाखला लगेच येतो. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मेल्यावर त्यांनी कायदा कडक केला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका सक्तीने विकत घेतल्या. मोठं काम केलं. पण साडेसहा लाख आणि ३९ कोटी हे आकडे एका वाक्यात टाकताना जरा तरी अडखळावं. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या घटनेत शस्त्राचा हक्क नाही. इथे २००८ च्या हेलर निकालाने घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला आहे.

बंदी घालायची, तर कशावर, हेही लिहावं लागतं. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्या कुणालाही १९९४ चा 'असॉल्ट वेपन' कायदा वाचून घाम फुटेल. सुटं होणारं मॅगझिन असलेल्या रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची खाच, नळीच्या तोंडाची ज्वाला लपवणारा भाग, असल्या यादीतली दोन लक्षणं असली की ती बेकायदा. कंपन्यांनी खाच काढली, नळीचं तोंड बदललं आणि जवळपास तीच रायफल कायदेशीर करून विकली. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, कायदा मुदत संपून गेला. दिसण्यावर बंदी घातली की दिसणं बदलतं, इतकं साधं आहे.

शिवाय ज्या मरणांची बातमी होते, ती एकूण मरणांतली थोडी. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. त्यांना असॉल्ट रायफलची बंदी शिवतही नाही. तिथे उपयोगी पडतं ते थांबणं. खरेदी आणि ताबा यांत काही दिवसांचं अंतर असणं, घरातली बंदूक कुलपात असणं. अशा कंटाळवाण्या गोष्टींसाठी मोर्चे निघत नाहीत.

आता दुसरी बाजू. तिचं आवडतं वाक्य: 'गुन्हेगार कायदा पाळत नाहीत, मग कायदा करून काय उपयोग?' हे मी सीनियरकडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. मी जळगावचा. आमच्याकडे चोपड्याच्या पुढे मध्य प्रदेशाच्या हद्दीवरच्या उमर्टीचं नाव काढलं की पेपर वाचणाऱ्या कुणालाही गावठी कट्टा आठवतो. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना मिळणं दुरापास्त, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं ठेवता येतात. तरी कट्टे येतातच. सीनियरला हे सांगितल्यावर तो खूश झाला. 'बघ! मी म्हणत होतो ना!'

पण नीट बघा. कट्टा येतो कुठून? भट्टीतून. तो जन्मापासून बेकायदा असतो. त्याला नंबर नाही, पावती नाही, पहिला मालक नाही. अमेरिकेत गुन्ह्यात सापडणारी बहुतांश बंदूक कारखान्यात बनलेली, नंबर ठोकलेली आणि पहिल्यांदा परवानाधारक दुकानातून पावतीने विकली गेलेली असते. ती नंतर कुठेतरी वाट बदलते: चोरी, दुसऱ्याच्या नावावर खरेदी, खासगी विक्री. घरी जुळवलेल्या, नंबर नसलेल्या बंदुका अलीकडे वाढल्यात, त्यांची दखल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावी लागली. पण मूळ प्रवाह पावतीचाच. म्हणजे भारताच्या पोलिसाला जे कधीच मिळणार नाही, ते अमेरिकेच्या पोलिसाला कारखान्यातूनच मिळतं: एक अनुक्रमांक. माझ्या भाषेत, प्रायमरी की.

आणि या नंबराचं ते काय करतात?

वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे एटीएफ या खात्याचं बंदुकांचा माग काढणारं केंद्र आहे. पोलिसांना घटनास्थळी बंदूक सापडली की नंबर तिथे जातो. तिथला माणूस तो संगणकात टाकून मालकाचं नाव काढत असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तो आधी बनवणाऱ्या कंपनीला विचारतो. ती घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगते. तो दुकानदाराचं. दुकानदार आपल्या दप्तरातून फॉर्म शोधतो. दुकान बंद पडलं असेल, तर त्याचं दप्तर खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गला आलेलं असतं. खोकी इतकी येतात की इमारतीची जमीन वजन पेलेना म्हणून ती आवारात शिपिंग कंटेनरमध्ये ठेवावी लागली. कागद स्कॅन होतात, पण फोटोसारखे. नाव टाकून शोधता येत नाही. माणसाने पान उलटावं तशी चित्रं एकामागून एक बघायची.

तंत्रज्ञान नाही म्हणून हे होत नाही. माझ्या फोनमधलं फुकटचं ॲपही किराणा दुकानाची पावती वाचतं. हे होतं, कारण १९८६ च्या कायद्याने संघराज्य सरकारला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायला मनाई केली, आणि पुढे दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकांत आणखी अटी घुसवल्या गेल्या. मंजूर झालेल्या तपासणीची नोंद २४ तासांत पुसायची, हीही त्यातलीच एक अट. पहिल्या गिऱ्हाइकाने ती बंदूक पुढे ओळखीच्याला विकली, तर अनेक राज्यांत तपासणीच लागत नाही. मागाची दोरी तिथेच तुटते.

आत जाणाऱ्या नोंदींचीही तीच गत. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांना मारणाऱ्याला न्यायालयाने आधीच मानसिकदृष्ट्या धोकादायक ठरवलं होतं. राज्याने ते यंत्रणेला कळवलं नव्हतं. मेलेल्यांत मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती. २०१७ मध्ये टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ बळी गेले. मारेकऱ्याला बायको-मुलाच्या मारहाणीबद्दल लष्करी न्यायालयात शिक्षा झालेली होती. हवाई दलाने ती नोंद एफबीआयला दिलीच नाही. कायदा होता. नियम होता. रकाना रिकामा होता. अशा वेळी 'कायद्याने काही होत नाही' म्हणणं म्हणजे तार न जोडता बल्बला दोष देणं.

सीनियरची खरी भीती वेगळी आहे, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. तो म्हणतो, आज यादी केली की उद्या तिच्यावरून जप्ती. ऑस्ट्रेलियात सक्तीची खरेदी झालीच ना? आणि यादी सांभाळणार कोण? जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याच्या डॅशबोर्डमधून बंदूक जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १,९२,००० लोकांची माहिती उघड्यावर पडली. नावं, जन्मतारखा, सगळं. कॅनडाने १९९५ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांची नोंदवही काढली. निव्वळ खर्चाचा अंदाज २० लाख डॉलर. २००२ मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितलं की आकडा १०० कोटींच्या पुढे जाणार. २०१२ मध्ये ती नोंदवही मोडीत निघाली. सॉफ्टवेअरवाल्यांनी मान खाली घालावी असेच हे दोन किस्से आहेत.

पण यावरचा इलाज डोळे फोडून घेणं हा नाही. बँका आपली सगळी आर्थिक कुंडली बाळगतात. कुणी, केव्हा, कशासाठी पाहिली याची नोंद राहते, आणि भलत्याने पाहिली तर नोकरी जाते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय नावाने शोध नाही, प्रत्येक शोधाची न पुसता येणारी नोंद, दरवर्षी बाहेरचं ऑडिट, हे लिहिता येतं. मी याहून क्षुल्लक गोष्टींसाठी हेच रोज लिहितो. आणि ही भीती चार्ल्सटनला लागूच होत नाही. 'उत्तर येईपर्यंत थांबा' म्हणायला कुठलीच यादी लागत नाही. खासगी विक्री दुकानदारामार्फत करा, शिक्षा झालेल्यांच्या नोंदी वेळेत भरा, यालाही लागत नाही.

यातून ॲलनचा तो शनिवार टळला असता का? बहुधा नाही. त्याच्या बंदुका कायदेशीर खरेदीच्या होत्या. सगळी मरणं थांबवेल असा उपाय माझ्याकडे नाही. पण सगळे बग निघत नाहीत म्हणून समोर दिसणारा बग ठेवून द्यायचा, असं कुठल्या कामात चालतं?

मागच्या थँक्सगिव्हिंगला मी सीनियरला हेच विचारलं. 'माझा कोड परत का पाठवला होतास?' तो बराच वेळ ताटातल्या टर्कीकडे बघत बसला. मग म्हणाला, 'बंदूक हा हक्क आहे, कॉफी नाही. सरकारने उत्तर दिलं नाही म्हणून माझा हक्क का अडावा?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर, सरकारला लवकर उत्तर द्यायला लावा: माणसं वाढवा, नोंदी जोडा, मार्टिन्सबर्गला शोधायची मुभा द्या. पण ज्यांना हा हक्क इतका प्यारा आहे, तेच त्या कामाचा पैसा आणि परवानगी अडवून बसलेत. हे म्हटल्यावर त्याने विषय बदलला आणि मला आणखी पाय वाढला. आमची मैत्री शाबूत आहे. तो नियमही शाबूत आहे.