‘सामायिक घर’ म्हणजे कुणाचं घर?



कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यावर सोप्या मराठीत पुस्तिका काढायचं आमच्या गटाने ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, आठजणी आहोत, कलमं वाटून घेऊ, महिन्याभरात काम हातावेगळं होईल. कलमं वाटली, मसुदेही आले. एकत्र लावून पाहतो तर ‘शेअर्ड हाऊसहोल्ड’चे तीन शब्द! एकीचं ‘सामायिक घर’, दुसरीचं ‘एकत्र कुटुंबाचं घर’ आणि तिसरीचं सरळ ‘नवऱ्याचं घर’.

तिसरा शब्द समजायला सर्वांत सोपा. पण जिचं राहतं घर सासूच्या नावावर आहे, ती हा शब्द वाचून काय समजेल? इथे आपला हक्क नाही, एवढंच. म्हणजे मालकी कुणाचीही असो, घरात राहण्याचा जो हक्क कलम १७ देतं, तो आपल्याच पुस्तिकेने काढून घेतला असता. (सर्वोच्च न्यायालयानेही २००६च्या अखेरीस बात्रा प्रकरणात असाच आखूड अर्थ लावला होता. तो चुकीचा ठरायला २०२०चा आहुजा निकाल यावा लागला.)

दुसरी चूक माझीच. मी लिहिलं होतं, ‘६० दिवसांत निकाल लागतो.’ कायदा म्हणतो, पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा दंडाधिकाऱ्यांनी प्रयत्न करावा. एक ‘प्रयत्न’ गाळला की एकसष्टाव्या दिवशी बाई कोर्टाच्या दारात आपल्यालाच विचारणार, ताई, तुम्ही तर लिहिलं होतं ना?

मग आम्ही एक शब्दवही केली. ती एकीच्याच ताब्यात. ठरलेला शब्द तिच्यात, तारखेसह. बदलायचा तर बैठकीत, आपापल्या घरी बसून नाही. प्रत्येक मसुदा दोघींनी तपासायचा, एक इंग्रजी जाणणारी आणि एक न जाणणारी. इथे कबूल करायला हवं की इंग्रजी न येणाऱ्या मैत्रिणींना सुरुवातीला आम्ही फक्त मुद्रितं तपासायला बसवलं होतं. समतेच्या गप्पा मारणाऱ्या गटात हे झालं!

वस्तीत मोठ्याने वाचन केलं तेव्हा एक बाई म्हणाली, “ताई, अर्ज माझा, न्याय मागणारी मी, आणि सारखं ‘पीडित, पीडित’ काय लावलंय? अर्ज करणारी म्हणा की.” आम्ही तेच ठेवलं. मात्र कोर्टाच्या कागदावर ‘पीडित व्यक्ती’ हेच असतं, म्हणून एकदा तेही समजावून दिलं.

पुस्तिका छापून काम संपलं नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रतिवादी’च्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. आमची जुनी प्रत त्यानंतरही कितीतरी दिवस शिबिरांतून फिरत होती. ती मागे घेणं कुणाचं काम, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आता प्रत्येक आवृत्तीवर जबाबदार मैत्रिणीचं नाव असतं. रात्री जागून टंकलेखन करणारीचंही नाव असतं, आणि तिला मानधनही मिळतं. यावर गटात वाद झाला, पण तो व्हायलाच हवा होता.

आता कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा हाती घेतला आहे. शेतमजूर आणि घरकामगार बायका तुमच्या भागात या छळाला काय म्हणतात, ते लिहून पाठवा. जसं बोलतात तसंच लिहा, शुद्ध करू नका.