सिकलसेलला सिकलसेलच म्हणूया

काही शब्द आपण ठरवून टाकले. ‘विटाळ’, ‘शिवाशिव’, ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे शब्द १९५६ नंतर आपल्या घरांतून एकेक करून बाहेर गेले. ते शब्द माणसाला खाली ढकलत होते, म्हणून त्यांना घरात जागा देणे आपण नाकारले. ते योग्यच झाले. पण एक शब्द असा आहे, जो आपण टाळतो आणि टाळून स्वतःचेच नुकसान करून घेतो. तो शब्द म्हणजे सिकलसेल.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत हा आजार नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉक्टरांचा शोधनिबंध १९५८ सालीच प्रसिद्ध झाला. बौद्ध, आदिवासी, तसेच कुणबी, तेली अशा अनेक समाजांत तो आढळतो. तरीही घरात कुणी विचारले, तर उत्तर मिळते, ‘अंगात रक्त कमी आहे’, ‘वाताचा त्रास आहे’, ‘पोरगी जरा नाजूक आहे’.

आमचे म्हणणे असे की, हे बदली शब्द निरुपद्रवी नाहीत. ‘रक्त कमी’ म्हटले की घरचे लोक लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक आणतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते लोहाअभावी नव्हे, तर विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात आधीच लोह साठत असते. अशा रुग्णाला तपासणीशिवाय लोह देणे घातक ठरू शकते. ‘वात’ म्हटले की मालिश होते, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या येतात आणि मोलाचे दोन दिवस वाया जातात. सासरी नाव लपवले, तर सून रोजचे औषध लपून घेते, मग चुकवते आणि एक दिवस बंद करते. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना माहिती मिळत नाही, तेव्हा आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो.

हा शब्द का टाळला जातो, हे आम्ही जाणतो. मुलीचे लग्न मोडेल ही भीती खरी आहे. म्हणूनच आजाराचे गणित प्रत्येक घराला माहीत हवे. एएस पॅटर्न असलेली व्यक्ती वाहक असते. ती सहसा निरोगी असते, शिकते, नोकरी करते, संसार करते. एसएस पॅटर्न असलेली व्यक्ती रुग्ण असते. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि आजाराचा अंशही नसण्याची २५ टक्के असते. वाहकाच्या जोडीदारात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा अंश नसेल, तर त्यांची मुले सिकलसेलचे रुग्ण होत नाहीत. म्हणजे एएस मुलीला किंवा मुलाला नाकारण्याचे कारणच उरत नाही. प्रश्न फक्त जोडी जुळवताना दोघांची तपासणी करण्याचा आहे.

आता टाकायचे शब्द. ‘रक्तदोष’, ‘खोट’, ‘घराण्याला लागलेला शाप’ हे शब्द विटाळाच्याच कुळातले आहेत. या आजारात हिमोग्लोबिनमधला एक घटक बदललेला असतो. हा बदल ज्या भागांत टिकला, तिथे मलेरिया जोरात होता आणि वाहकांना गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळत होते. यात ना पाप आहे, ना पूर्वजन्म. बाळाला हा अंश आई आणि वडील दोघांकडून मिळाल्याशिवाय ते एसएस होत नाही. तरीही बोल एकट्या आईला लावला जातो. ही रीत आपल्याला शोभत नाही.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या फॉर्ममध्ये शिक्षण, पगार, उंची, रंग सगळे विचारतात. आमची सूचना अशी की, मेळाव्याच्या ठिकाणी आणि बुद्धविहारात तपासणी शिबिरे घ्यावीत. अहवाल फक्त त्या व्यक्तीच्या हाती द्यावा, तो फलकावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. बोलणी पुढे सरकली की दोन्हीकडच्यांनी तो एकमेकांना मोकळेपणाने दाखवावा. एकट्या मुलीचा अहवाल मागणे आम्हाला मान्य नाही. पहिली चाचणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते, पॅटर्न ठरवण्यासाठी पुढची चाचणी लागते आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे.

ज्या घरात रुग्ण आहे, तिथे भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिले असल्यास हायड्रॉक्सियुरिया नियमित चालू हवे. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि दारातच सांगावे, ‘पेशंट सिकलसेलचा आहे.’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळवण्यासाठीही आजाराचे नाव सांगावेच लागते.

जे शब्द माणसाला हीन ठरवतात, ते टाकूया. ज्या शब्दामुळे वेळेवर उपचार मिळतो, तो मात्र स्वयंपाकघरात, बैठकीत आणि सोयरिकीच्या बोलण्यात मोठ्याने उच्चारूया.