मामाचे पैसे

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट या गावात दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "फिलिप्स की एएसएमएल?" प्रश्न रास्त आहे. फिलिप्सचा एमआरआय आणि एक्स-रे यंत्रांचा पसारा आमच्या गावातच आहे, आणि चिप बनवायची यंत्रं करणारी एएसएमएल आइंडहोवेनच्या पलीकडे, फेल्डहोवेनला. मी दोन्हीकडे नाही. या भागातल्याच एका विद्यापीठात मी विद्यार्थ्यांच्या पैशांच्या अडचणी ऐकते, असं सांगितलं की समोरचा जरा गोंधळतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे स्कॉलरशिप तुमच्या हातात असते?"

नसते. स्कॉलरशिपचा निकाल मुलं इथे यायच्या कितीतरी आधी लागलेला असतो. एम.एस्सी.चा विद्यार्थी माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा माझ्या हातात उरतं ते थोडंसंच: फीचे हप्ते पाडून मागणं, छोटासा आकस्मिक निधी, पार्टटाइम कामाचे नियम समजावणं आणि पत्रं लिहिणं. पत्रं फार लिहावी लागतात. पीएचडीवाले माझ्याकडे सहसा फिरकत नाहीत, कारण या देशात पीएचडी ही नोकरी आहे. बहुतेकांना करकपातीपूर्वी महिन्याला तीन हजार युरोंच्या आसपास पगार मिळतो, वर सुट्ट्या आणि पेन्शन. मुलाने एम.एस्सी.नंतर 'अजून शिकायचंय' म्हटलं की गावाकडे आईच्या पोटात गोळा येतो. त्या पुढच्या शिक्षणाला फी लागत नाही, उलट पगार मिळतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

एम.एस्सी.चं मात्र खरं संकट. डच किंवा युरोपियन मुलाला फी वर्षाला २,६०० युरोंच्या आसपास; आपल्याकडच्या मुलाला तांत्रिक विषयात २०,०००च्या वर. शिवाय इमिग्रेशन खात्याची अट अशी की राहण्या-खाण्यासाठी महिन्याला अकराशेच्या वर युरो हाताशी आहेत हे आधी दाखवा. दोन वर्षांचा सगळा मेळ घातला की साठ-सत्तर लाख रुपये होतात.

यातला 'दाखवा' हा भाग मला जास्त छळतो. व्यवस्था अशी की बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचा हा राहण्याचा खर्च विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या खात्यात भरायचा. विद्यापीठ त्याच्या वतीने परवान्याचा अर्ज करतं. मुलगा इथे आला, पत्ता मिळाला, नगरपालिकेत नोंद झाली, बीएसएन हा नागरिक क्रमांक आला, डच बँकेत खातं उघडलं, की ती रक्कम त्या खात्यात परत. (आइंडहोवेनात खोली मिळणं मुश्किल. पत्ता नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर खातं नाही. या रांगेत मुलांचा पहिला महिना जातो.) म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात एका बावीस वर्षांच्या मुलाच्या खात्यात एकदम तेरा हजार युरो येऊन पडतात. आणि बऱ्याचदा ते त्याचे नसतात.

निफाडकडचा एक मुलगा फेब्रुवारीत आला होता. अंगात चांगलं जाकीट, हातात थकलेल्या घरभाड्याचं दुसरं स्मरणपत्र. एजंटने वडिलांना सांगितलं होतं, एवढी रक्कम नुसती दाखवायची आहे, आल्यावर परतच मिळते. म्हणून ते पैसे मामांनी घातले होते. व्याज नाही, कागद नाही. ऑक्टोबरात रक्कम खात्यात आली आणि त्याच आठवड्यात मामांचा फोन. मार्गशीर्षात मामेबहिणीचं लग्न. मुलाने सगळी रक्कम पाठवून दिली. तेव्हापासून तो काय करत होता? आठवड्याला सोळा तासांचं काम शोधत होता. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला तेवढंच चालतं, किंवा मग जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. पण त्यासाठी मालकाला वेगळा परवाना काढावा लागतो, आणि छोटा हॉटेलवाला त्या भानगडीत कशाला पडेल? शिवाय काम लागलं की इथला आरोग्यविमा सक्तीचा, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. त्यातला बराचसा भत्ता म्हणून परत मिळतो, पण अर्ज केला तर.

आकस्मिक निधीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: आधी कल्पना नसलेली कोणती परिस्थिती ओढवली? वडील वारले, आजारपण आलं, देशात युद्ध झालं, तर लिहिता येतं. मामेबहिणीचं लग्न लिहिता येत नाही. शिवाय हे पैसे माझेच आहेत असं त्याने परवान्याच्या वेळी भासवलेलं. मी त्याला खोटं लिही म्हणणार नव्हते आणि खरं लिहून उपयोग नव्हता. ज्याने फॉर्म तयार केला त्याच्या डोळ्यांसमोर एकटा विद्यार्थी होता: त्याचं खातं, त्याचा खर्च. आमच्या मुलाच्या खात्यात मात्र अख्खं घर नांदत असतं, आणि फॉर्ममध्ये त्याला जागा नाही.

बिनव्याजी कर्जासारखं महाग कर्ज नाही, हे मत माझं या खुर्चीवर बसल्यापासून पक्कं झालंय. बँकेच्या कर्जाला तारीख असते, दर असतो, शिकून होईपर्यंतची सवलत असते. मामांच्या कर्जाला फक्त एक फोन असतो. आपल्याकडे परदेशी शिक्षणाच्या कर्जाची चांगली, चोख परंपरा आहे. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये निधी काढला तोच कर्जरूपाने, आधीच्याने फेडलेल्यातून पुढच्याला मिळावं म्हणून; त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. १९१३मध्ये सयाजीरावांनी आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेही दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेऊन. तो करार पाळायला ते १९१७मध्ये बडोद्याला गेलेही. जातीपायी शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेलं, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर. कोणाकडून काय घेतलंय आणि कशाच्या बदल्यात, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. निफाडच्या मुलाला ते फेब्रुवारीपर्यंत ठाऊक नव्हतं.

 

फीसाठी मात्र बँकेचं कर्ज होतं. मी त्याला त्याचं मंजुरीपत्र मागितलं. ते त्याच्या फोनमध्ये होतं, पण त्याने ते कधी पूर्ण वाचलं नव्हतं. नाशिकमधल्या काकांच्या फ्लॅटवर कर्ज. घर गावठाणातलं, त्याला धड कागद नाही. आणि शेतजमीन बँका तारण घ्यायला नाखूश, कारण थकलं तर जप्तीच्या कायद्यातून ती वगळलेली. म्हणून काका. पत्राच्या दुसऱ्या पानावर फी वेगळी, राहण्याचा खर्च वेगळा. फीचा हप्ता उचललेला. राहण्याचे अकरा लाख मंजूर होते, पण उचललेलेच नव्हते.

"हे का नाही घेतलं?"

"पप्पा म्हणाले, बोजा वाढवू नको."

इथल्या गोपनीयतेच्या नियमानुसार मुलाच्या संमतीशिवाय मला बापाशी एक शब्द बोलता येत नाही. मुलगा तयार होईना. पप्पांना कळलं तर ते ट्रॅक्टर विकतील, असं त्याचं म्हणणं. तो दोन आठवड्यांनी तयार झाला. व्हिडिओ कॉलवर वडिलांनी आधी कांद्याचा भाव सांगितला, मग थंडी विचारली, मग मला "मॅडम, याचं जेवणखाण बरं चाललंय ना?" मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मी थेट आकड्यांवर आले. तेव्हा कळलं की त्यांची समजूत वेगळीच होती: मंजूर झालेल्या सगळ्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. त्यात आणखी उचलून कर्ज कशाला फुगवायचं?

न उचललेल्या पैशांवर व्याज नाही, हे मी तीन वेळा सांगितलं. व्याज फक्त उचललेल्यावर. शिकतानाच ते भरत गेलं तर बऱ्याच सरकारी बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. शाखेला विद्यापीठाकडून राहण्याच्या अंदाजे खर्चाचं पत्र लागेल, ते मी आजच देते. वडिलांनी वहीत काहीतरी लिहिलं. पलीकडून आईचा आवाज आला, सगळं एकदम नको, निम्मंच काढा.

"सहा लाख काढू," वडील म्हणाले. "अन् मॅडम, एक करा. याच्या मामाला यातलं काही कळू देऊ नका."